वाचकांचे प्रश्न : आडव्या नद्या, उभ्या नद्या

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत सातवीत शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं विचारलं, "आजोबा, इथलं सिव्हिल वॉर कुठे कुठे झालं, सांगा बघू." मी म्हटलं, "राजधानीत, वॉशिंग्टनला." तो म्हणाला, "चूक!" आणि दहा-बारा गावांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. मला त्यातलं एकही आता आठवत नाही. मुख्य लढाया कुठे झाल्या आणि तिथेच का झाल्या, हे डोक्यात राहील असं सांगाल का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नावं पाठ करायला बसू नका. मी ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कोरा नकाशा हातात दिला की मुलं आधी शहरांचे ठिपके काढत. मी सांगायची, "आधी पाणी भरा." तुम्हीही अमेरिकेच्या पूर्व अर्ध्या भागाचा नकाशा घ्या, निळी पेन्सिल घ्या आणि फक्त नद्या गिरवा. मग ही यादवी आपोआप उलगडते.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १८६० मध्ये त्या देशात सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती, बहुतेक सगळी दक्षिणेत. लिंकन निवडून आल्यावर ही प्रथा धोक्यात येणार, या भीतीनं एकामागून एक ११ राज्यं फुटली आणि त्यांनी स्वतःचं वेगळं सरकार थाटलं. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर दक्षिणेनं तोफा डागल्या, आणि लढाई पेटली ती १८६५ च्या वसंतापर्यंत. दक्षिणेला फक्त तग धरायचा होता. उत्तरेला मात्र आत शिरून फुटलेली राज्यं परत आणायची होती. म्हणून बहुतेक सगळी युद्धभूमी दक्षिणेत आहे. अमेरिकी संसदेनं नेमलेल्या आयोगानं १९९३ साली ३८४ लढाया महत्त्वाच्या ठरवल्या. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश एकट्या व्हर्जिनिया राज्यात झाल्या. त्याखालोखाल टेनेसीचा नंबर लागतो.

व्हर्जिनियातच एवढ्या का? कारण दोन राजधान्या समोरासमोर होत्या. उत्तरेची वॉशिंग्टन, दक्षिणेची रिचमंड. मधलं अंतर १६० किलोमीटर, साधारण पुणे-मुंबई एवढं. वाटतं, फौज निघाली की आठवड्यात रिचमंडच्या वेशीवर. पण आता तुमची निळी पेन्सिल बघा. तिथल्या नद्या वायव्येच्या डोंगरांतून निघून आग्नेयेला समुद्राकडे जातात. पोटोमॅक, रॅपहॅनॉक, तिला मिळणारी रॅपिडॅन, मग नॉर्थ ॲना, चिकाहोमिनी, जेम्स. उत्तरेकडून येणाऱ्या फौजेच्या वाटेत त्या एकामागून एक आडव्या पडलेल्या. पलीकडच्या काठावरच्या टेकडीवर शत्रू तोफा लावून बसलेला. चार वर्षांत उत्तरेचे सेनापतीवर सेनापती बदलले, ते याच पाण्यापाशी.

रॅपहॅनॉकच्या काठी फ्रेडरिक्सबर्ग आहे. माझी लेक व्हर्जिनियात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांनी मला तिथे नेलं. नोव्हेंबर १८६२ मध्ये उत्तरेचा सेनापती बर्नसाइड नदीच्या अलीकडच्या तीरावर येऊन थांबला, कारण पूल बांधायला लागणाऱ्या होड्या मागेच राहिल्या होत्या. त्या येईपर्यंत ली या दक्षिणेच्या सेनापतीनं पलीकडच्या टेकड्या धरल्या. १३ डिसेंबरला उत्तरेच्या पलटणी उघड्या मैदानातून त्या टेकडीवर चालून गेल्या, पुन्हा गेल्या, परत गेल्या. टेकडीच्या पायथ्याला एक खोलगट रस्ता आहे आणि त्याला लागून दगडी बांध. त्या बांधाआडून दक्षिणेचे बंदूकवाले त्यांना टिपत होते. उत्तरेचे १२,००० च्या वर सैनिक मेले, जखमी झाले किंवा हरवले. बांधाचा थोडा मूळ तुकडा अजून उभा आहे. शेजारी एक लहानसं घर आहे, त्याच्या आतल्या लाकडी भिंतीला गोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत. मी त्या भिंतीशी बराच वेळ उभी होते. घर कुणाचं तरी रोजचं घर होतं, स्वयंपाक होत असेल, पोरं खेळत असतील.

टेकडीवर आता सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे १५,००० हून जास्त जण पुरले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कुणालाच माहीत नाहीत. निनावी थडग्यांवर हातभर लांबीचासुद्धा दगड नाही, जमिनीतून डोकावणारा चौकोनी ठोकळा फक्त. त्यावर दोन आकडे कोरलेले. वरचा आकडा थडग्याचा क्रमांक. खालचा, त्या खड्ड्यात किती जण आहेत त्याचा. एका दगडावर खाली ४ होते. मला पुढचे दगड वाचवेनात.

आता याच नदीची दुसरी बाजूही ऐका, कारण ती फलकांवर लहान अक्षरांत असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, लढाईच्या आठ महिने आधी, उत्तरेची फौज प्रथम शहरासमोरच्या तीरावर आली, तेव्हा फ्रेडरिक्सबर्ग आणि आसपासच्या मळ्यांवरची हजारो गुलाम माणसं, बायामुलांसकट, नदी ओलांडून तिच्याकडे पळाली. जॉन वॉशिंग्टन नावाचा एक तरुण त्यांत होता. त्यानं पुढे ती हकिकत स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. फौजांना जी नदी अडवत होती, ती या माणसांना पार करता आली की ती मोकळी होत होती. लढाया कुठे झाल्या असं कुणी विचारलं, की मला आधी हे तीर दिसतात.

फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सलर्सव्हिल, विल्डरनेस, स्पॉटसिल्वेनिया. या चार मोठ्या लढाया पाव-अर्ध्या तासाच्या मोटारप्रवासात बसतील एवढ्या जागेत झाल्या. मिळून जवळपास एक लाख मृत आणि जखमी. दिल्लीच्या वाटेवर असल्यामुळे पानिपतावर तीनदा रण पेटलं, हे आपण शाळेत शिकलो. रिचमंडच्या वाटेवरच्या या पट्ट्याचंही तेच झालं. चॅन्सलर्सव्हिलला मे १८६३ मध्ये दक्षिणेचा गाजलेला सेनानी स्टोनवॉल जॅक्सन अंधारात आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जखमी झाला आणि आठ दिवसांनी गेला.

पश्चिमेला शेनँडोआचं खोरं आहे. ते नैऋत्य-ईशान्य असं तिरकं जातं. दक्षिणेची फौज त्या खोऱ्यातून निघाली की थेट वॉशिंग्टनच्या पाठीशी पोहोचायची, आणि उत्तरेची फौज त्यातून आत शिरली की रिचमंडपासून लांबच जायची. खोरं एकच, फायदा एकाच बाजूला. तिथलं विंचेस्टर गाव युद्धात सत्तरेक वेळा या हातातून त्या हातात गेलं असं सांगतात.

आता पेन्सिल डोंगरांच्या पलीकडे न्या. टेनेसी आणि कम्बर्लंड या नद्यांचा शेवटचा मोठा टप्पा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि दोघी ओहायो नदीला मिळतात. म्हणजे इथे नद्या उभ्या. पूर्वेला ज्या भिंती होत्या, त्या इथे रस्ते झाले. फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँट या उत्तरेच्या सेनापतीनं चिलखती बोटींच्या साथीनं फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनल्सन हे नदीकाठचे दोन किल्ले दहा दिवसांत घेतले, आणि दक्षिणेच्या काळजात जाणारी वाट उघडली. त्याच वाटेनं पुढे एप्रिलमध्ये टेनेसी नदीकाठी शायलोची लढाई झाली. दोन दिवसांत २३,००० च्या वर मृत, जखमी आणि बेपत्ता. उत्तरेला तिथून कॉरिंथ गाठायचं होतं, कारण दक्षिणेचे दोन मोठे लोहमार्ग तिथे एकमेकांना छेदत होते.

व्हिक्सबर्गचं मला फार कौतुक वाटतं, भूगोलाच्या बाईला वाटावं तसंच. मिसिसिपी नदीच्या मोठ्या वळणावर, उंच कड्यावर वसलेलं शहर. कड्यावरच्या तोफांपुढून बोट नेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. ग्रँटनं वळण टाळण्यासाठी पलीकडून कालवा खणून पाहिला, जमला नाही. शेवटी ४७ दिवसांचा वेढा पडला. लोक कड्यात गुहा खोदून राहिले. ४ जुलै १८६३ ला शहर शरण आलं. आणि १८७६ मध्ये त्याच मिसिसिपीनं स्वतःहून ते वळण कापलं आणि शहराला बाजूला टाकून निघून गेली! ज्या पाण्यासाठी एवढं रक्त सांडलं, ते १३ वर्षांनी तिथे राहिलंच नाही. याच नदीवर खाली पोर्ट हडसनला मे १८६३ मध्ये काळ्या सैनिकांच्या पलटणींनी तटबंदीवर हल्ले चढवले. हे लोक लढतील का, अशी शंका घेणाऱ्यांना तिथे उत्तर मिळालं. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात जवळपास १,८०,००० काळे सैनिक दाखल झाले होते, आणि त्यांतले पुष्कळ जण कालपर्यंत गुलाम होते.

पाण्यानंतर नकाशावर लोहमार्ग काढा. चॅटानूगा, अटलांटा, पीटर्सबर्ग ही सगळी जंक्शनं. पीटर्सबर्गला पाच लोहमार्ग येत, रिचमंडची रसद त्यांवरून जाई. ग्रँटनं जून १८६४ पासून साडेनऊ महिने त्या शहरापुढे खंदक खणून एकेक मार्ग तोडला. शेवटचा तुटला तेव्हा रिचमंडही गेलं. अटलांटा सप्टेंबर १८६४ मध्ये पडलं आणि तिथून उत्तरेचा सेनापती शर्मन याची फौज जॉर्जिया उद्ध्वस्त करत समुद्रापर्यंत चालत गेली.

गेटिसबर्ग हे उत्तरेतलं, पेनसिल्वेनियातलं गाव. तिथे मोठी नदी नाही आणि मोठं जंक्शनही नाही. पण दहा रस्ते त्या गावात येऊन मिळतात. कुणी ठरवून ती जागा निवडली नव्हती. दोन्ही फौजा एकमेकींना शोधत त्या रस्त्यांवरून आल्या. नवल म्हणजे दक्षिणेची फौज उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून आली, उत्तरेची दक्षिणेकडून. १ ते ३ जुलै १८६३, तीन दिवसांत सुमारे ५१,००० मृत, जखमी आणि बेपत्ता. या युद्धातली ही सगळ्यांत मोठी लढाई.

आणि नातवाला हेही सांगा की आजोबा अगदीच चुकले नव्हते. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेची एक तुकडी त्याच शेनँडोआ खोऱ्यातून वॉशिंग्टनच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. शहराच्या हद्दीतल्या फोर्ट स्टीव्हन्सवर चकमक झाली, आणि तटावर उभे राहून ती बघणाऱ्या लिंकन यांच्या आसपास गोळ्या येत होत्या. राष्ट्राध्यक्ष पदावर असताना गोळीबाराखाली उभा राहिला, तो वॉशिंग्टनलाच.

प्रश्न : एका पुस्तकात "बुल रनची लढाई" आहे, दुसऱ्यात "मनॅससची लढाई". तारीख एकच. या दोन लढाया आहेत की एक?
– अकरावीतला विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : लढाई एकच, नावं दोन. उत्तरेकडचे लोक बहुधा जवळच्या ओढ्याचं किंवा नदीचं नाव देत, दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं. बुल रन हा ओढा, मनॅसस हे रेल्वे जंक्शन. तसंच अँटिटम हा ओढा, शार्प्सबर्ग हे गाव. स्टोन्स रिव्हर ही नदी, मर्फ्रीसबरो हे गाव. हा नियम सगळीकडे चालत नाही. गेटिसबर्ग दोघांनाही गेटिसबर्गच. पण पुस्तक कुणी लिहिलं आहे, हे नावावरून बऱ्याचदा कळतं, म्हणून वाचताना लक्ष ठेव. बुल रनला लढाई मात्र दोनदा झाली, २१ जुलै १८६१ ला आणि पुन्हा ऑगस्ट १८६२ च्या अखेरीस. तारीख बघितल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

मी तो ओढा पाहिलाय. आपल्याकडचा पावसाळ्यातला ओढा असतो, तेवढाच. पहिल्या लढाईच्या दिवशी वॉशिंग्टनची प्रतिष्ठित मंडळी घोडागाड्यांत खाण्याच्या टोपल्या ठेवून ती बघायला आली होती. एका दिवसात निकाल लागेल आणि संध्याकाळी घरी जाऊ, अशी त्यांची समजूत. संध्याकाळी तेच लोक पळणाऱ्या सैनिकांच्या गर्दीत अडकले. तिथल्या टेकडीवर ज्युडिथ हेन्री ही ८५ वर्षांची विधवा अंथरुणाला खिळलेली होती. तोफेचा गोळा तिच्या खोलीत शिरला आणि ती गेली. तिचं थडगं तिथेच, घराशेजारी आहे.

मनॅससजवळच विल्मर मॅक्लीन नावाचा गृहस्थ राहत होता. दक्षिणेच्या सेनापतीनं त्याच्या घरात ठाणं केलं आणि तिथेही गोळा पडला. पुढे तो कुटुंब घेऊन सुमारे २०० किलोमीटर दूर, ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाच्या खेड्यात राहायला गेला. ९ एप्रिल १८६५ ला ली यांनी ग्रँटपुढे शरणागतीवर सही केली, ती याच मॅक्लीनच्या बैठकीच्या खोलीत.

प्रश्न : आमच्या घरात जुनी माणसं सांगत, "अमेरिकेच्या लढाईत आपला कापूस सोन्याच्या भावानं गेला, मग सगळं बुडालं." एवढ्या लांबच्या लढाईचा आमच्या शेताशी काय संबंध?
– एक कापूस उत्पादक, हिंगणघाट

उत्तर : संबंध बंदरांचा. वरच्या उत्तरात नद्या आल्या, समुद्र राहिला होता, तो तुमच्यामुळे आला.

युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा पाऊण हिश्शाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. मग बंदरं एकेक करून पडली. एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स, ऑगस्ट १८६४ मध्ये मोबीलची खाडी, जानेवारी १८६५ मध्ये विल्मिंग्टनचं दार असलेला फोर्ट फिशर. तिकडचा कापूस कोंडला तसा इकडचा भाव चढला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईत मागेल त्या भावाला जाऊ लागला, आणि तुमच्या गावाच्या नावानं ओळखला जाणारा हिंगणघाटी कापूस तर उत्तम प्रतीचा मानला जाई. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ मध्ये. त्यामुळे युद्ध चालू असताना तुमच्या भागातल्या गाठी बैलगाड्यांवर लांबचा पल्ला मारत होत्या. मुंबईत पैसा एवढा आला की समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या, बँका, सगळ्यांचे शेअर आकाशाला भिडले. ॲपोमॅटॉक्सच्या शरणागतीची बातमी आली आणि १८६५ च्या उन्हाळ्यात तो डोलारा कोसळला.

शेतकऱ्याचं काय झालं, ते जास्त वाईट. तेजीत सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं होतं. भाव पडल्यावर हात आखडला, सारा मात्र वाढवलेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, आणि ती आग दख्खनभर पसरली. त्या उठावाची कारणं अनेक, पण इतिहासकार त्यांत कापसाच्या या चढउतारालाही धरतात. तुमच्या घरातली माणसं खरंच सांगत होती. "सोन्याचा भाव" आणि "सगळं बुडालं" ही एकाच गोष्टीची दोन टोकं.

याच युद्धाचा दुसरा धागा पुण्यात आहे. १८६५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली "गुलामगिरी" लिहिलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. कापसाच्या भावापलीकडे त्या लढाईत काय पणाला लागलं होतं, हे आपल्याकडे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तुमच्या घरातल्या मुलांना कापसाची गोष्ट सांगाल तेव्हा ही अर्पणपत्रिकाही वाचायला द्या.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये लेकीकडे मेरीलँडला जाते आहे. एकच दिवस मोकळा मिळेल. कोणती युद्धभूमी पाहू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, अँटिटम पाहा. गेटिसबर्ग प्रसिद्ध आहे, पण ते एका दिवसात पुरं होत नाही आणि गर्दीही फार. अँटिटम मेरीलँडातच आहे, वॉशिंग्टनपासून सुमारे ११० किलोमीटर. १७ सप्टेंबर १८६२ ला तिथे एकाच दिवसात सुमारे २३,००० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. आणि त्यानंतर पाच दिवसांनी लिंकन यांनी गुलाममुक्तीची पूर्वघोषणा केली.

सकाळी लवकर जा आणि लढाई ज्या क्रमानं झाली त्याच क्रमानं, उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरा. आधी मक्याचं शेत. तुम्ही जाल तेव्हा शेतात मका उभा असेल, तर समोरचा माणूस का दिसत नव्हता ते आपोआप कळेल. मग पांढरं छोटं डंकर चर्च. युद्धच पाप मानणाऱ्या पंथाचं ते प्रार्थनाघर, आणि दोन्ही फौजा सकाळभर त्याच्याभोवती लढल्या. पुढे खोल गेलेली गाडीवाट, तिच्या टोकाला दगडी मनोरा आहे. गुडघे दुखत नसतील तर वर चढा, सगळा पसारा एका नजरेत येतो. गवतातून चालाल तर पायमोजे चढवून घ्या, तिथे गोचीड फार.

शेवटी ओढ्यावरचा तीन कमानींचा दगडी पूल. पलीकडच्या कड्यावर जॉर्जियाचे सुमारे ५०० सैनिक होते, त्यांनी बर्नसाइडच्या हजारो माणसांना तीन तास रोखून धरलं. पुलाच्या टोकाला सायकॅमोरचं एक झाड आहे. लढाईनंतर काही दिवसांनी काढलेल्या छायाचित्रात ते कोवळं, बारीक खोडाचं दिसतं. आता त्याची सावली पुलावर पडते. दुपार तिथेच काढा.